एस्तेरताईची प्रार्थना

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेतल्या पोरांपासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकते, ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही.

नवापूरहून आत वळलं की डोंगराला टेकून आमचं गाव. घरात सासूबाई रमीबाई, मी आणि धाकटी जाऊ प्रिस्किला. माझा नवरा आणि दीर जोसेफ सोनगडकडे कामाला जातात, ते शनिवारी संध्याकाळी उगवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी आम्ही बोलतो ते डोंगरातलं बोलणं आहे. ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून इथे शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी प्रिस्किलाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता. पुरुषांनी त्याला दफनभूमीच्या कडेला मातीआड केलं आणि परत येऊन हातपाय धुतले. सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं, "त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारत राहिलं की आईची कूस मोकळी होत नाही." आमच्या डोंगरात ही जुनीच रीत आहे. मीही मान डोलावली. शिकलेली असून डोलावली. पुढे घरात कोणी तो विषयच काढला नाही, आणि सगळ्यांना वाटलं की आपण फार समजूतदार आहोत.

प्रिस्किला मात्र सुईवर लोकर विणत बसायची. एवढ्याएवढ्या टोप्या. विणून झाल्या की नवापूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींना वाटून यायची. वाटायच्या आधी उंबऱ्यावर ओळीनं मांडून फोटो काढायची आणि फेसबुकला टाकायची. पिवळी टोपी, हिरवी टोपी, कानाला गोंडे लावलेली टोपी. मी कधी अंगठा दाबायचे, कधी तेही विसरायचे.

दुसरी गोष्ट मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांची. पूर्वी आमच्याकडे बुधवारी घरोघरी प्रार्थना व्हायची. ज्याला जे दुखतंय ते तो तिथे सांगायचा आणि बाकीचे त्याच्यासाठी गुडघे टेकायचे. कोरोनात एकत्र बसणं बंद झालं तेव्हा कोणा हुशारानं मंडळीचं फेसबुकवर पान काढलं. तेव्हापासून प्रार्थनेच्या विनंत्या तिथे जाऊ लागल्या. कोणाच्या नवऱ्याची दारू, कोणाचा गुडघा, कोणाचा जमिनीचा तंटा. रोग गेला तरी पान राहिलं. आम्हाला वाटत होतं, मंडळीचं पान म्हणजे मंडळीचं अंगण. त्या अंगणाला कुंपण नाही आणि रस्त्यावरून जाणारा कोणीही आत डोकावू शकतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दुखणं लपवायचं नाही, ते चार माणसांत मांडायचं, हेच आम्ही लहानपणापासून शिकलो होतो. प्रिस्किलानंही तिथे लिहिलं होतं, "प्रभूनं माझी कूस पुन्हा उघडावी म्हणून प्रार्थना करा." खाली चाळीसेक आमेन आले आणि विषय संपला.

मग एस्तेरताई आली.

तिचा पहिला निरोप टोप्यांवरून होता. "बहिणी, ती कानाला गोंडे लावलेली टोपी तू कशी विणलीस? इतकी सुबक टोपी मी बाजारातसुद्धा पाहिली नाही." प्रिस्किलानं मला तो दाखवला तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला बरं वाटलं. एस्तेरताई म्हणे सुरतेला एका दवाखान्यात कामाला होती. तिनं आपला नंबरही दिला, पण वॉर्डात बोलायची बंदी, म्हणून ती फक्त लिहायची. रोज पहाटे तिचा निरोप यायचा. आज कशी आहेस, रात्री झोप लागली का, मी तुझ्यासाठी प्रार्थना केली. हळूहळू प्रिस्किला सकाळी गुणगुणायला लागली. केसांना तेल लावायला लागली. जोसेफशी भांडायलाही लागली, ते मला सगळ्यात चांगलं लक्षण वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "देवानं कोणीतरी पाठवलं." मीही तसंच म्हटलं असेल.

माघ महिन्यातल्या एका रात्री आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. प्रिस्किला हात धुऊन आली आणि म्हणाली, "ताई, ऐका, आज एस्तेरताईनं जेवणाआधीची काय सुंदर प्रार्थना पाठवली आहे." आणि तिनं वाचलं, "प्रभू, ज्याला यायला उशीर झाला त्याचीही भाकर झाकून ठेव."

माझा घास हातातच राहिला.

ही प्रार्थना कोणत्या पुस्तकात नाही. ती माझ्या वडिलांची, पौलसची आहे. ते लहानपणी दुसऱ्याची ढोरं राखायचे आणि उशिरा घरी आले की टोपली रिकामी असायची. पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा रोज जेवायच्या आधी ते हे एवढंच म्हणायचे, आणि खरंच एक भाकर फडक्याखाली झाकून ठेवायचे. आई आधीच गेली होती, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते वाक्य आता जगात दोनच माणसांना येतं. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ जोएल, जो नंदुरबारला कसल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो.

मी फोन मागून घेतला आणि वर सरकवत गेले. पहाटेचे निरोप, वचनं, टोप्यांचं कौतुक. मग गेल्या आठवड्यापासून सूर बदललेला. "सुरतेला एक सेंटर आहे. तुझ्यासारख्या कितीतरी बहिणींची कूस तिथे उघडली. सोमवारची वेळ मी तुझ्यासाठी राखून ठेवते." आणि त्याखाली, "योहानचं भावंड तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलं आहे."

"योहान कोण?" मी विचारलं.

प्रिस्किलानं फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "कोणी नाही." मग आनंदानं म्हणाली, "मी सोमवारी सुरतेला जाणार, ताई. जोसेफशी बोलले. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मंडळीत साक्ष देणार, प्रभूनं माझं काय भलं केलं ते सगळ्यांना सांगणार. एस्तेरताईचा नंबर सगळ्या बायांना देणार. माझ्या एकटीचंच का भलं व्हावं?"

रात्रभर माझ्या डोक्यात घण पडत होते. ही पोर रविवारी भर मंडळीत उभी राहून, जी बाई अस्तित्वातच नाही तिची साक्ष देणार, आणि बाकीच्या दुखऱ्या बाया त्याच नंबरवर आपलं दुखणं ओतणार. तिला तेव्हाच हलवून सांगायला हवं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा खरं लिहिते. तो माझा भाऊ होता. माझ्या माहेरचं नाक होतं. मला आधी खात्री करायची होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि नंदुरबारची गाडी पकडली.

स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कोठे जानं शे ताई?" पत्ता सांगितला. मिरचीचा हंगाम असल्यानं हवेतच तिखट होतं, रिक्षात बसल्यापासून ठसका लागला तो जिन्यावर चढेपर्यंत गेला नाही. खाली मिरचीचं गोदाम, वर काचेचं दार. आत दहा-बारा पोरंपोरी कानाला काही लावून पडद्यांसमोर बसलेली.

मालक शिवाजी नावाचा, पस्तिशीतला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्याला वाटलं मी शाळेसाठी जाहिरात करायला आले आहे. मीही नाही म्हटलं नाही. जोएल कुठे दिसत नव्हता. शिवाजीनं मला खुर्ची दिली आणि धंदा समजावून सांगायला लागला.

"बाई, जाहिरात आते कोनी वाचस नही. मानूसले काय आवडस ते पहिले जानी लेवानं. तो काय फोटो टाकस, कोनले लाईक करस. ब्राह्मणपुरीना एक शेतकरी शे, रोज आपला बैलजोडीना फोटो टाकस. त्याले पानीना पंप इकाना व्हता, पन आम्ही पहिला निरोपमा पंपानं नावच लिधं नही. बैलेसनी तब्येत इचारी." तो हसला. "चौथा दिवसले त्यानी सोताच इचारं, तुम्ही काय इकतस म्हनीसन."

"हे लोकांना विचारून करता?"

"इचारानं काय? आम्ही काय कोन्हं घर फोडतस का? लोकंच सोता उघडावर टाकतस. आम्ही फक्त वाचतस." मग आवाज खाली आणून, कौतुकानं, "आमना एक पोऱ्या शे, जोएल. ख्रिश्चन बायासनं काम त्यानाकडे शे. सुरतवाला सेंटरनं. त्यानी एस्तेर नावनी बाई उभी करेल शे. त्याना हातमा जादू शे, बाई. वाचीसन मन्हाच डोयामा पानी येस."

त्या क्षणी जादूगार दारातून आत आला. मला पाहून त्याच्या हातातला चहाचा कागदी पेला चेपला.

मी त्याला जिन्याखाली नेलं. मिरचीच्या पोत्यांजवळ आम्ही दोघं बहीणभाऊ खोकत उभे राहिलो.

"एस्तेर तू आहेस?"

"ताई, इथे नको."

"तू आहेस की नाही?"

"ते काम आहे माझं." तो पोत्यांकडे बघून बोलत होता. "मंडळीच्या पानावर बायांनी स्वतःच लिहिलेलं असतं. मी चोरून आणलं नाही. कोणाला मूल हवं, कोणाला नोकरी, कोणाचं काय दुखतं, सगळं तिथे आहे. मला आपली भाषा येते, कोणत्या शब्दानं आपली माणसं हळवी होतात ते कळतं, म्हणून मला घेतलं. शिवाजीभाऊंना आमेन कुठे म्हणायचं ते कळत नाही."

"आणि प्रिस्किला? ती परकी होती का?"

"ओळखीची होती म्हणून सोपं गेलं." हे त्याच्या तोंडून निसटलं आणि निसटल्यावर त्यालाही कळलं. मग उसळून म्हणाला, "मी खोटं काय लिहिलं? वचनं खरी आहेत. सेंटर खरं आहे, तिथे डॉक्टर आहेत. कदाचित तिला मूल होईलही. मग सगळे मलाच आशीर्वाद द्याल."

"प्रार्थना केली म्हणून रोज लिहायचास. केलीस?"

"सुरुवातीला करायचो."

"मग?"

"मग माणसं वाढली."

कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? मी हात उचलला होता, पण वरच्या पायरीवर एक पोरगी येऊन उभी राहिली, म्हणून खाली घेतला. आजही वाटतं, उगाच घेतला.

"आणि बाबांची प्रार्थना रे? तीही विकलीस?"

त्यानं पोत्याची सुतळी ओढली. मग म्हणाला, "घरात तिला कोणी काही विचारत नव्हतं, ताई. तिनंच मला लिहिलंय. तुम्ही सगळ्या एका छपराखाली होतात ना? रोज सकाळी 'कशी आहेस' एवढं विचारायला तुमचं काय जात होतं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मी ते उडवून लावलं. पण परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या शेजारीच बसून आलं. निघताना मी त्याला एवढंच बजावलं, "रविवारी उपासनेआधी ये. तिच्यासमोर उभा राहा आणि स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला ठाऊक आहे." त्यानं मान हलवली. लहानपणीही तो अशीच मान हलवायचा आणि पाण्याला जायचाच नाही.

रविवारी मी पहाटेपासून रस्त्याकडे बघत होते. जोसेफनं आदल्या दिवशीच कोंबड्या आणल्या होत्या. साक्ष झाली की आमच्या अंगणात उपकारस्तुतीचं जेवण होतं. प्रिस्किलानं लग्नातलं लुगडं काढलं होतं. दोनदा मी तिच्याजवळ गेले, दोनदा ती म्हणाली, "ताई, आज काही रागावण्यासारखं बोलू नका," आणि दोनदा मी परत फिरले. भाऊ येईल, तो सांगेल, असं मनाला समजावत राहिले.

भाऊ आला नाही. उपासना सुरू झाली. ढोलक वाजली, गाणी झाली, पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" आणि बायांच्या बाजूला प्रिस्किला उठून उभी राहिली.

आमच्याकडे साक्ष चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही. पाळकही नाही. माणूस देवासमोर बोलत असतो, त्याचं बोलणं तोडणं म्हणजे पापच. मी सतरंजीची कड मुठीत धरून बसले. प्रिस्किला म्हणाली, "दोन वर्षं मी विहिरीच्या तळाशी होते. मी माझ्या हातानं विणलेल्या टोप्यांचे फोटो टाकत होते, ते माझ्या ओळखीच्या कोणी नीट बघितले नाहीत. एका परक्या बहिणीनं बघितले. तिनं माझं मन वाचलं. मी तिचं तोंड पाहिलेलं नाही, पण मला कळलं की प्रभू मला विसरला नाही."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. तेव्हाच मागच्या दाराशी चपला काढून जोएल आत शिरला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याचेही ओठ हलले. तोही आमेन म्हणाला.

जेवणाच्या वेळी अंगण गच्च भरलं. पुरुषांची पंगत उठली होती. बाया प्रिस्किलाभोवती जमल्या होत्या आणि ती एकेकीला नंबर सांगत होती. फुलवंताबाईच्या सुनेनं तिथल्या तिथे निरोप पाठवला. जिची पोरगी माहेरी येऊन बसली आहे तिनंही पाठवला. जोएल शेवग्याच्या झाडाखाली एकटा उभा होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन थरथरत होता. थांबायचा आणि पुन्हा थरथरायचा. त्यानं खिशावर हात दाबून धरला होता.

"सांग," मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले.

"आज नको, ताई. बघ ना, किती खूश आहे. सोमवारी जाऊन येऊ दे तिला."

तेवढ्यात सासूबाई आतून थाळी घेऊन आल्या. वर फडकं झाकलेलं. "जोएल, उशीर केलास रे बाबा. तुझी भाकर झाकून ठेवली होती."

तिथे माझा तोल गेला. ती थाळी मी मध्येच अडवली.

"बायांनो, नंबर कशाला लिहून घेता?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एस्तेरताई ही काय, शेवग्याखाली उभी आहे. भाकरीची वाट बघते आहे. जे सांगायचं ते तोंडावर सांगा."

दोघीतिघी हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग फुलवंताबाईच्या सुनेनं तो नंबर लावून बघितला आणि जोएलच्या खिशातला फोन घरघरला. एकेक बाई हातातला फोन खाली घेऊ लागली. जोसेफ दोन पावलं पुढे आला, पण काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

प्रिस्किला चालत जोएलपर्यंत गेली. मला वाटलं ती ओरडेल, त्याच्या तोंडात मारेल. मी मनातून तीच वाट बघत होते. तिनं हळू आवाजात विचारलं, "रोज पहाटे तू होतास?"

जोएलनं मान हलवली.

"मी जे नाव तुला लिहिलं, ते आणखी कोणाला कळलं?"

"वहिनी, मी मुद्दाम नाही..."

"कोणाला कळलं?"

"ऑफिसात," तो म्हणाला. "तिथे ते सगळ्यांना दिसतं. सेंटरलाही पाठवतो आम्ही. भावंडाचं ते वाक्य मी नाही लिहिलं, त्यांनीच सुचवलं."

प्रिस्किलानं डोक्यावरचा पदर नीट केला. त्याच्याकडे पाठ करून ती सासूबाईंसमोर येऊन उभी राहिली. मीही तिथेच होते, झाकलेली थाळी हातात घेऊन.

"आई," ती म्हणाली, "माझ्या मुलाचं नाव योहान. तुम्ही नको म्हणालात म्हणून मी घरात कधी काढलं नाही. नंदुरबारच्या ऑफिसला ते माहीत आहे, सुरतेच्या सेंटरला माहीत आहे. त्यांनी त्याच्या नावानं धंदासुद्धा केला. आता तुम्ही दोघीही ऐकून ठेवा."

सासूबाई ओट्यावर बसल्या. मी ती झाकलेली थाळी त्यांच्याशेजारी ठेवली. आमच्या घरचं लेकरू, आणि त्याचं नाव आम्हाला सगळ्यांत शेवटी कळलं.